भाव, नोटिसा आणि रद्दी : अकोल्याच्या वृत्तपत्रांची गोष्ट

अकोल्याच्या कोणत्याही स्थानिक दैनिकाचा जुना अंक हाती आला, तर पहिल्या पानावरील राजकारण आज कोणाच्या कामाचे नसते. आतल्या पानावरील बारीक टायपातली ‘जाहीर नोटीस’ मात्र पन्नास वर्षांनंतरही कामाची ठरू शकते. मौजे अमुक, जुने शहर, अकोला येथील नझूल प्लॉट, त्याचे क्षेत्रफळ, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दुसऱ्याचे घर, दक्षिणेस बोळ, उत्तरेस सरकारी जागा, आणि शेवटी ‘कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावे’. संपादकीय पानाला तो अंक निघाला त्या आठवड्यापुरतेच आयुष्य असते, या चतुःसीमेला पिढ्यांचे. जिल्ह्याच्या गावातील वृत्तपत्राचा इतिहास बहुधा संपादकांच्या निर्भीडपणातून सांगितला जातो आणि तो खोटाही नाही. पण अशी पत्रे नेमकी कशावर जगली आणि गावाने ती का विकत घेतली, याचे उत्तर अग्रलेखांत सापडत नाही.

अकोल्याची वस्ती मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर आहे. पश्चिमेकडील जुने शहर, तेथील असदगड किल्ला, राजराजेश्वराचे मंदिर, पोळा चौक, हरिहर पेठ ही मूळ वस्ती होय. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या जहागिरीत हे गाव होते आणि किल्ल्याला नाव त्याचेच मिळाले. पूर्वेकडे ताजनापेठ, पुढे कचेऱ्या, रेल्वे स्टेशन आणि कापसाचे कारखाने वाढले. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले आणि १८६० च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोल्यावरून गेला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कारकून, वकील, मास्तर, अडते आणि स्टेशनवरचे बाबू असा साक्षर वर्ग एका पिढीत येथे जमा झाला. वर्तमानपत्राला लागणारा वाचक तयार झाला, तो असा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोल्यातून ‘वऱ्हाड समाचार’ हे साप्ताहिक निघत असे. अमरावतीत ‘प्रमोदसिंधु’ होते. मुंबई-पुण्याच्या पत्रांच्या तुलनेत त्यांचा खप अगदीच बेताचा होता. पण त्या काळी एक अंक एकानेच वाचायचा असा प्रघात नव्हता. शाळेत, वकिलाच्या ओसरीवर, वाचनालयात किंवा पेढीवर एकजण मोठ्याने वाची आणि दहाजण ऐकत. अकोल्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक आणि पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यातील अधिकारी विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या विद्वानांमुळे गावात वाचणारे-लिहिणारे मंडळ तयार झाले होते. महाजनी १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९१२ चे संमेलन हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यातच भरले. नुसत्या कापसाच्या गावाला असे संमेलन भरवण्याची हौस सुचली नसती.

या पहिल्या काळातील पत्रांबद्दल आज जे समजते, त्याचा मोठा भाग एका चमत्कारिक मार्गाने शिल्लक राहिला आहे. देशी भाषांतील वृत्तपत्रे काय लिहितात, यावर इंग्रज सरकारची बारीक नजर असे. मुंबईत त्यासाठी सरकारी भाषांतरकाराचे खाते होते. ते दर आठवड्याला मराठी, गुजराती, कानडी, उर्दू पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढून वरिष्ठांसाठी गोपनीय अहवाल छापी. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते, तरी येथील पत्रांचे उतारेही त्यात घेतले जात. अहवालाच्या आरंभी एक तक्ता असे : पत्राचे नाव, गाव, ते दैनिक की साप्ताहिक, खप, आणि संपादकाचे नाव, जात व वय. ज्या संपादकाचे छायाचित्र कोणी काढले नाही, ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही, त्याचे वय पोलिसी कुतूहलापोटी असे नोंदले गेले.

या अहवालांचा दोष उघड आहे. भाषांतरकाराला सरकारवरची टीका हवी होती. दुष्काळ, सारा, जंगलखात्याचा जाच, मामलेदाराची अरेरावी हे विषय आले की तो उतारा घेई. लग्नाच्या, पीकपाण्याच्या, नाटक कंपनीच्या बातमीकडे तो पाहत नसे. त्यामुळे हे उतारे वाचून वऱ्हाडातील संपादक अष्टौप्रहर सरकारशी भांडत बसला होता, असा समज होतो. तरीही मूळ अंकांच्या अनेक फायली नाहीशा झाल्यावर अभ्यासकांना याच गोषवाऱ्यांचा आधार घ्यावा लागतो. पाळत ठेवणाऱ्याचे कपाट हेच शेवटी पत्रांचे दप्तर ठरले. हे अहवाल आज मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. अकोल्याच्या पत्रात जुन्या शहराविषयी काय लिहिले होते, हे पाहण्यासाठी अकोलेकराला मोर्णा ओलांडून मुंबई गाठावी लागते, त्याचे कारण हे.

संपादकांच्या धैर्याची परीक्षाही होत होतीच. यवतमाळचे ‘हरिकिशोर’ हे पत्र १९०८ च्या सुमारास राजद्रोहाच्या खटल्यात सापडले. लोकमान्यांवरील दुसरा राजद्रोहाचा खटला त्याच वर्षीचा. मंडालेची बातमी वऱ्हाडात पोहोचण्याआधीच येथल्या छोट्या छापखान्यांनी आपापला धोका ओळखला होता. मोठ्या शहरातील पत्रावर खटला झाला तर त्याच्यामागे वर्गणीदार आणि नामवंत वकील उभे राहत. जिल्ह्याच्या पत्राचा छापखाना जप्त झाला तर त्याबरोबर घरातल्या चुलीचाही प्रश्न येई, कारण दोन्ही बहुधा एकाच वाड्यात असत.

छापखाना म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगावे लागेल. लाकडी केसमधील खणांत शिशाचे खिळे ठेवलेले असत. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून काही शे प्रकारचे खिळे लागतात; रोमन लिपीचे काम त्याच्या अंशभर खिळ्यांत भागते. कंपोझिटर उभ्याने एकेक खिळा वेचून ओळ उलटी जुळवी, ओळींची गॅली होई, गॅलीवरून मुद्रित काढून तपासले जाई, मग पान बांधून यंत्रावर चढे. अंक छापून झाला की तेच खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे, कारण पुढच्या अंकासाठी दुसरा संच घेण्याची ऐपत नसे. मुंबईच्या निर्णयसागरसारख्या नामांकित ओतशाळेचा टाइप मागवणे ही गुंतवणूकच होती. झिजलेल्या टायपात ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक वाचकानेच समजून घ्यायचा. एखादे अक्षर संपले तर कंपोझिटर संपादकाला शब्द बदलायला सांगे. जिल्ह्याच्या पत्रांची ठरावीक, आखीव भाषा काही अंशी खिळ्यांच्या टंचाईतून आली असल्यास नवल नाही.

केवळ पत्रावर असा छापखाना चालत नसे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पेढ्यांची हुंडीपत्रे, नाटकाची हँडबिले, नगरपालिकेच्या निवडणुकीची पत्रके हे काम यंत्राचे पोट भरी आणि उरलेल्या वेळात पत्र निघे. वैशाखातल्या लग्नसराईत अंक उशिरा निघाला, तर वर्गणीदार तक्रार करीत नसत. त्यांच्याच घरच्या पत्रिका आधी छापायच्या असत.

आणि मग भाव. वऱ्हाडात कापसाच्या बाजाराला कायद्याची चौकट देशात सर्वांत आधी आली. कारंजाचा बाजार १८८६ मध्ये निजाम दरबारातील रेसिडेंटाच्या आदेशाने नियंत्रित झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. अकोला, खामगाव, अमरावती, कारंजा येथील भाव एकमेकांवर आणि ते सारे मुंबईच्या तारेवर अवलंबून. मुंबईची नजर लिव्हरपूलकडे, पुढे न्यूयॉर्ककडेही. अडत्याला तार येई. शेतकऱ्याला ती दिसत नसे. बंडीत कापूस भरून रात्रभर चालत आलेला कुणबी बाजारात उभा राही तेव्हा आजचा भाव काय, हे त्याला दलालाकडूनच कळे. रुमालाखाली बोटे दाबून ठरवलेल्या भावाची कथा वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी छापलेला भाव, मग तो आठ दिवसांचा शिळा का असेना, ही साधी गोष्ट नव्हती. गावातील शाळामास्तर तो वाचून दाखवी आणि पुढच्या खेपेला शेतकरी निदान विचारी तरी. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या व बंद होत्या भावांवर पुढे आकड्याचा जुगार चालू लागला आणि ज्यांनी कधी सरकी हातात धरली नाही, तेही भावाकडे डोळे लावून बसू लागले, हा त्याच माहितीचा दुसरा प्रताप.

१९३० च्या दशकात वऱ्हाडातील पत्रे उघडपणे पक्षांची आणि चळवळींची झाली. ब्रिजलाल बियाणी यांनी अकोल्यातून ‘मातृभूमी’ हे मराठी पत्र काढले. मारवाडी कुटुंबातील, हिंदीत लिहिणारा हा नेता काँग्रेसचे काम करता करता मराठी पत्राचा चालक झाला, ही गोष्ट अकोल्याच्या स्वभावाला धरून आहे. पेढी मारवाडी, शेतकरी कुणबी-माळी, वकील ब्राह्मण आणि जुन्या शहराच्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू, अशी ही वस्ती. मिठाच्या सत्याग्रहात समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या या जिल्ह्याने दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींतील पाण्यापासून मीठ काढले. खारपाणपट्टा हा एरवी शेतकऱ्याचा शाप. त्या वर्षी तो बातमीचा विषय झाला. इकडे अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांनी ‘महाराष्ट्र केसरी’ चालवून बहुजन शेतकऱ्याची बाजू मांडली. कर्जबाजारी शेतकऱ्याची बाजू घ्यायची की सावकार-अडत्यांची, यावर वऱ्हाडातील पत्रांची ओळख ठरू लागली. ज्यांच्या जाहिराती, त्यांच्याविरुद्ध लिहायचे कसे, हा जिल्ह्याच्या पत्रापुढचा पेच तेव्हापासूनचा आहे आणि तो सुटला असे म्हणवत नाही.

८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, पश्चिम महाराष्ट्र आणि वऱ्हाडच्या नेत्यांनी ज्या कराराला मान्यता दिली, तो ‘अकोला करार’ म्हणून ओळखला जातो. पुढे बियाणी वेगळ्या विदर्भाचे खंदे पुरस्कर्ते झाले, १९५५ मध्ये फाजलअली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र एक झाला. या वादात वऱ्हाडच्या पत्रांनी एकमेकांवर जी शाई उधळली, ती त्या अंकांशिवाय कोठे वाचायला मिळणार?

स्वातंत्र्यानंतर पत्राचे जगणे वेगळ्या कागदांवर अवलंबून राहू लागले. १९५६ मध्ये वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय सुरू झाले. परदेशी कागद कोट्यावर मिळे आणि कोटा दाखवलेल्या खपावर. खपाचे आकडे फुगण्यास याहून सबळ कारण कोणते? राज्य सरकारने जाहिरातींसाठी पत्रांची अ, ब, क अशी प्रतवारी केली. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा रोजच्या भावाच्या कोष्टकाला अर्थ उरला नाही. त्याच्या जागी केंद्र केव्हा उघडणार, चुकारा केव्हा मिळणार, ग्रेड कोणी पाडली, या बातम्या आल्या. शेतकरी भावाकरता वाचत होता, तो आता तारखेकरता वाचू लागला.

नोटिसांचा आधार मात्र कायम राहिला. प्रतिवादी सापडत नसेल तर न्यायालय वृत्तपत्रातून समन्स देण्याची परवानगी देते आणि दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते की, तो ज्या भागात शेवटचा राहत होता त्या भागात खपणारे दैनिक त्यासाठी निवडावे. मुंबईच्या लाखो खपाच्या दैनिकापेक्षा अकोल्याचे चार पानी पत्र येथे योग्य ठरते. घराचा सौदा करणारा वकील शोधनोटीस देतो, ती याच तर्काने. जुन्या शहरात वाटण्या न झालेली घरे, तीन पिढ्यांची नावे, पाकिस्तानात किंवा पुण्यात गेलेले भाऊ, मुलींचे हक्क अशी गुंतागुंत फार. म्हणून नोटिसाही फार. न्यायालय वृत्तपत्राचा अंक अस्सल आहे असे गृहीत धरते, पण त्यातील बातमी खरी आहे असे गृहीत धरत नाही. वृत्तपत्रांविषयी इतके नेमके विधान फार कमी ठिकाणी केलेले आढळेल.

शिशाचे खिळे जाऊन ऑफसेट आणि संगणक आले, तसे चित्र पालटले. यवतमाळमध्ये १९१८ साली बापूजी अणे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले ‘लोकमत’ हे नाव जवाहरलाल दर्डा यांनी पुढे चालवले, १९७१ मध्ये ते नागपुरातून दैनिक झाले आणि कालांतराने राज्यभर पसरले. त्याची अकोला आवृत्ती निघते. अकोल्यातून निघालेल्या आणि शेतीच्या प्रश्नांना अग्रक्रम देणाऱ्या ‘देशोन्नती’नेही विदर्भभर जाळे विणले. मोठ्या दैनिकांनी तालुक्याच्या गावचे पानही रंगीत केले, पहाटेच्या एसटीत गठ्ठे टाकले आणि एकट्या-दुकट्या जिल्हा पत्रांचा वाचक पळवला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम वेगळा जिल्हा झाला, तेव्हा अकोल्याच्या पत्रांचा मुलूखही निम्मा झाला. वाचकाचा यात तोटाच झाला असे मात्र म्हणता येणार नाही. छापाई सुधारली, तालुक्याच्या बातमीदाराला थोडे का होईना मानधन मिळू लागले. गेले ते एवढेच की, बातमीचा क्रम आता गावात ठरत नाही.

तरीही काही गोष्टी जिल्ह्याच्या पानावरच प्रथम दिसतात. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, तेव्हा देशभरच्या दैनिकांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर पानेच्या पाने छापली. वऱ्हाडच्या स्थानिक पानांवर मात्र त्याआधी कित्येक वर्षे एक कॉलमी, चार ओळींच्या बातम्या येत होत्या : नाव, गाव, वय, विषारी औषध, सोसायटीचे कर्ज, मागे पत्नी व दोन मुले. तालुक्याच्या बातमीदाराने त्या ठाण्यावरून घेतलेल्या असत. एकेकटी बातमी कोणी वाचली नाही; त्या जोडून पाहणाऱ्याला मात्र एक प्रांत खचताना दिसला असता. सरकारी आकडेवारीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी झाल्यावर मयताचे नाव नाहीसे होते. त्या चार ओळींत ते असते.

बातमी देण्याइतकीच ती कशी द्यायची, ही जबाबदारीही गावच्या पत्रावर अधिक असते, कारण त्याचा वाचक दंगल झालेल्या गल्लीतच राहतो. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जुन्या शहरात हिंसाचार उसळला. दगडफेक, जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद करण्यात आले. मराठी पत्रांत ‘दोन गटांत’ हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षे रूढ आहे. तो पुष्कळांना भित्रा, गुळमुळीत वाटतो. जमावाची जात-धर्म न लिहिण्याचा हा संकेत वृत्तपत्र परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराला तो बंधनकारक नसतो, त्याखाली मुद्रक-प्रकाशकाचे नावही नसते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक व छापण्याचे ठिकाण सक्तीचे केले, ते सरकारला माणूस पकडता यावा म्हणून. त्याच ओळीचा उपयोग पुढे वाचकालाही झाला : चुकीचे छापले तर कोणाच्या दारात जायचे, हे त्याला ठाऊक असे. तो कायदा रद्द होऊन नवा नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करण्याऐवजी नोंदणी आता ऑनलाइन होते.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन निघालेल्या कावडी राजराजेश्वराला पोहोचतात, तेव्हा स्थानिक दैनिकांना मंडळांच्या जाहिराती मिळतात आणि दुसऱ्या दिवशी अंक जपून ठेवला जातो. वर्षातले उरलेले अंक महिनाअखेर रद्दीत जातात. वृत्तपत्राचा कागद यांत्रिक लगद्याचा. उन्हात पिवळा पडतो, दहा-वीस वर्षांत घडीवर तुटतो. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांना लागू झाला आणि ठरावीक राष्ट्रीय ग्रंथालयांना अंक पाठवणे आवश्यक झाले. चार माणसांच्या पत्राला टपालखर्चासह ते नेमाने पाळणे किती जमत असेल, हे सांगायला नको. केसरी किंवा ज्ञानप्रकाशाच्या फायलींना पुण्यात संस्था लाभल्या. वऱ्हाडातील पत्रांच्या फायली मालकाच्या वाड्यात राहिल्या आणि वाडा विकला गेला की त्या किलोच्या भावाने गेल्या.

एका दैनिकाचे पूर्ण वर्ष छायाचित्रित करून ठेवणे आता पूर्वीसारखे खर्चाचे राहिलेले नाही. अकोल्यात विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, एकोणिसाव्या शतकातले सार्वजनिक वाचनालय आहे. अडचण पैशाची कमी आणि कोणत्या घरात काय उरले आहे याच्या यादीची अधिक आहे. ती यादी करण्यासाठी जुन्या छापखान्यांत काम केलेले कंपोझिटर आणि फोरमन हयात असेपर्यंतच विचारता येईल.